जोडी मोडू नये म्हणून

परभणी,
८ फेब्रुवारी २०२५

प्रिय धम्मा,

जयभीम.

फोनवर तू "बरंय", "हो आक्का", "ठेवू का" यापलीकडं काही बोलत नाहीस. सारंग त्याच खोलीत, शेजारच्या पलंगावर असतो हे मला कळतं. म्हणून हे पत्र. मेलवर आलं म्हणून त्याला पत्र न मानण्याचा आगाऊपणा करू नकोस, आणि उत्तरही नीट, लांबलचक पाठव. नववीच्या पोरांना मी निबंध दोनदा लिहायला लावते, सख्ख्या भावाला सोडीन असं वाटून घेऊ नकोस.

आधी मुद्द्याचं विचारते. सारंगला सांगितलंस का?

जानेवारीत डोळ्याच्या डॉक्टरांपुढं मीच तुझ्या शेजारी बसले होते. ते काय म्हणाले ते तू विसरला असशील तर पुन्हा लिहिते. डाव्या डोळ्याचा आतला पडदा एका जागी विरलाय. हैदराबादला जाऊन लेझर करून घ्या, तोवर टेनिस बंद. डोळ्यापुढचे काळे ठिपके वाढले, चमका वाढल्या, किंवा कडेकडून अंधार सरकत आला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. उशीर झाला तर डोळा जाईल. तू शहाण्या मुलासारखी मान हलवलीस आणि रिक्षात बसल्या बसल्या म्हणालास, "आक्का, फेब्रुवारीची एवढी एक स्पर्धा होऊ दे." रिक्षावाला आरशातून बघायला लागला इतकी मी भांडले. शेवटी एका अटीवर गप्प बसले, की सारंगला सगळं सांगायचं. त्याला माहीत असलं तर तो तुला नेटजवळ कमी उभा करील, कारण बॉल तोंडावर येतो तो तिथंच. आईचं बीपी बघून तिला नाही सांगायचं, हे मी मान्य केलं. सारंगचं नाही.

काल पोखर्णीहून शाळा सुटल्यावर परत आले तर स्टँडवर दिनकरराव भेटले. बाबा क्लबच्या कोर्टावर पाणी मारायचे, रोलर ओढायचे, तेव्हा हे क्लबचे सेक्रेटरी होते, आणि रिटायर झाले तरी माझ्याशी अजून सेक्रेटरीसारखेच बोलतात. म्हणाले, "यंदा पोरं मोठ्या स्पर्धांत जाणार बघ. फक्त दोघांनीही सारखा जोर लावला पाहिजे." 'दोघांनीही' म्हणताना माझ्याकडं असं पाहिलं की मला उगीच पदर सावरावासा वाटला. मी म्हटलं, "सारंगला तुम्ही बाप म्हणून सांगा, धम्माला मी सांगते."

आई विचारायलीय, तिथं थंडीत कानाला काय बांधतोस. आणि भाकरी मिळती का.

उत्तर दे.

तुझी,
सत्याक्का

•

फ्रान्स,
११ फेब्रुवारी

आक्का,

जयभीम.

गावाचं नाव लिहीत नाही, कारण ते मला उच्चारता येत नाही आणि तू मला ते पाच वेळा म्हणायला लावशील. बाहेर बर्फ आहे. कानाला टोपी आहे. भाकरी नाही. आम्हाला एका बाईंच्या घरी वरची खोली दिलीय, त्या सकाळी पाव आणि दिवसभर सूप देतात. आईला सूप म्हणजे काय ते सांगू नकोस, तिला मी आजारी आहे असं वाटेल.

आज पहिली फेरी जिंकलो. इथं सगळं छपराखाली. वारा नाही, धूळ नाही, ऊन नाही. परभणीत मे महिन्यात दुपारचं खेळलेल्या माणसाला ही चैनच वाटायला पाहिजे. बॉलचा आवाज मात्र दुप्पट होतो, आणि छताला दिवे असे ठासून भरलेत की उंच आलेला बॉल त्यात शिरतो आणि थेट खांद्याशी येऊनच दिसतो. सगळेच खेळाडू दिव्यांना शिव्या देतात, त्यामुळं माझ्या शिव्या कुणाला वेगळ्या वाटत नाहीत.

नाही सांगितलं. ओरडू नकोस, आधी वाच.

तुला आठवतं, आम्ही चौदा वर्षांचे होतो तेव्हा सारंगसाठी जोडीदार ठरवायची क्लबात मीटिंग झाली होती? दिनकरराव बाबांच्या देखत म्हणाले होते, "जोडी बरोबरीच्यांची असावी." बाबा हातात पाण्याचा पाइप घेऊन उभे होते. त्यांनी खाली बघितलं आणि पाणी मारत राहिले. आणि सारंग कोर्टाच्या मधोमध मांडी घालून बसला, की धम्मा नसेल तर मी कुणाबरोबरच खेळणार नाही. उठेचना. त्यानंतर दिनकररावांनी कधी विषय काढला नाही. पण आक्का, त्या दिवसापासून मी खेळतोय तो एकच गोष्ट डोक्यात ठेवून खेळतोय, की ही जोडी माझ्यामुळं मोडली असं त्यांना कधी म्हणता येऊ नये.

इथं बेल्जियमचा एक उंच खेळाडू आहे. त्याचा जोडीदार या आठवड्यानंतर खेळ सोडतोय. तो रोज जेवताना आमच्या टेबलावर येतो आणि सारंगशी बोलत बसतो. चांगला माणूस आहे, खेळही मोठा आहे. सारंगला माझा डोळा कळला तर दोनच गोष्टी होतील. एक तर तो मला सोडील, किंवा मला सोडणार नाही आणि माझ्याबरोबर तोही बुडेल. मला दोन्ही नकोत.

अंतिम फेरी गाठली तर पुढच्या महिन्यापासून मोठ्या स्पर्धांत सरळ प्रवेश. मग मी स्वतः म्हणेन, थोडे दिवस थांबतो, घरी जायचंय. त्याचं नुकसान होणार नाही. शनिवारपर्यंत चार दिवस आहेत.

तुझ्याशी खोटं बोलणार नाही. ठिपके वाढलेत. फार नाही. चमका अंधारात दिसतात, उजेडात नाही.

तू सारंगला सांगणार नाहीस. बाबांची शपथ घालतो. मला माहीतंय तू शपथा मानत नाहीस, पण बाबांना मानतेस.

धम्मा

•

परभणी,
१३ फेब्रुवारी

सारंग,

काल तुमचा सामना आई आणि मी मोबाइलवर बघितला. एकच कॅमेरा, तोही एका टोकाला, माणसं अंगठ्याएवढी. तरी मला दिसायचं ते दिसलं.

धम्माला उजवीकडं का उभं केलंस? आजपर्यंत तो डावीकडं खेळलाय. मोक्याचे पॉइंट डावीकडं येतात म्हणून बाबांनी त्याला तिथं उभा केला होता, आणि तूच कौतुकानं सांगायचास की डावी बाजू धम्माची. काल तू त्याला उजवीकडं ढकललंस, आणि वर मधला प्रत्येक बॉल स्वतः घेतलास. उंच आलेला बॉल त्याच्या डोक्यावरून जात असला तरी तू पळत जाऊन मारत होतास. तो बाजूला होऊन उभा राहायचा, पाहुण्यासारखा. आईसुद्धा म्हणाली, "ह्या पोराला खेळू का देईना सारंग?" जिचा बॅडमिंटन आणि टेनिसमध्ये गोंधळ होतो तिला जे दिसलं, ते तिथल्या लोकांना दिसलं नसेल का?

जिंकलात, अभिनंदन. पण काल टाळ्या वाजवणाऱ्यांना वाटलं असेल की एकजण खेळतोय आणि एकाला बरोबर आणलंय.

स्पष्ट लिहिते, कारण तुला लहानपणापासून मी कान धरून बोलले आहे आणि तूही ऐकून घेतलंयस. काल तू मला दिनकररावांसारखा दिसलास. तुला दुसऱ्या कुणाबरोबर खेळायचं असेल तर तोंडानं सांग. त्याला कोर्टावर हळूहळू कमी करत आणू नकोस.

सत्याक्का

•

फ्रान्स,
१३ फेब्रुवारी

आक्का,

नमस्कार.

तुझं पत्र स्नानगृहात कडी लावून वाचलं, कारण धम्मा खोलीत आहे. मी माझ्या बाबांसारखा दिसलो हे वाक्य वाचल्यावर तिथंच बसून राहिलो. घरमालकीण बाईंनी दोनदा दार वाजवलं.

मला राग आलेला नाही. तुला जे दिसलं ते खरंच आहे, मी त्याचे बॉल घेतोय. पण का ते तुला लिहायलाच पाहिजे, आणि तू त्याला सांगायचं नाहीस.

धम्माला डावीकडचं नीट दिसत नाही. मला हे डिसेंबरपासून कळलंय. जेवताना त्याच्या डाव्या हाताशी ठेवलेला पेला तो पाडतो. डाव्या खांद्यावरून आलेला बॉल उशिरा उचलतो. त्याचा नंबर वाढला असणार आणि चष्मा घालायची लाज वाटत असणार, दुसरं काय. म्हणून मी त्याला उजवीकडं घेतलं. उजवीकडं उभा राहिला की त्याची डावी बाजू कोर्टाच्या मध्यावर येते आणि तिथं मी असतो. कुणाला कळत नाही. त्यालाही मी, "माझा बॅकहँड बसेना झालाय, जरा बाजू बदलू" असं सांगितलंय. तो लगेच हो म्हणाला. तेव्हाच मला कळायला हवं होतं, कारण डावी बाजू तो कुणाला देत नाही.

तू म्हणशील सरळ विचारलं का नाहीस. आक्का, कसं विचारू? मी त्याला "तुला दिसत नाही का रे" म्हटलं, तर त्याला एकच ऐकू येणार, की इतक्या वर्षांनी शेवटी सारंगनंही बाबांचंच वाक्य म्हटलं. बेल्जियमवाला तर टेबलावर रोज येऊन बसतोय. मी हा विषय काढला तर तो दुसऱ्या दिवशी बॅग भरून निघून जाईल आणि वर माझे आभार मानील. मला तो चांगला माहीतंय. म्हणून त्यानं आपण होऊन सांगावं याची वाट बघत मी त्याचे बॉल मारतोय.

उद्या दुपारी दोन वाजता उपांत्य सामना आहे. समोरची जोडी चांगली आहे, पण आम्ही जिंकू शकतो. आज सरावाला तो जरा चिडचिडा होता. मला म्हणाला, "डावीकडचे दिवे बंद केलेत का रे आज?" मी वर बघितलं तर सगळे चालू होते. मी म्हटलं, "हो, वीज वाचवायलेत वाटतं." हसला. परत आला की तूच त्याला धरून चष्म्याच्या दुकानात ने. तुझं ऐकतो तो.

आईंना नमस्कार सांग. त्यांना म्हणावं, उद्या खेळू देतो.

सारंग

•

परभणी,
१४ फेब्रुवारी

सारंग,

शाळेत आज सराव परीक्षा होती, मोबाइल दिवसभर कपाटात होता. घरी येऊन आत्ता तुझं पत्र वाचलं. तुला फोन लावला, त्याला लावला, पुन्हा लावला. त्याचा बंद आहे, तुझा वाजतोय आणि तू उचलत नाहीस. स्पर्धेच्या कचेरीचा नंबर शोधून लावला तर बाई फ्रेंचमध्ये काही बोलून ठेवून देते. म्हणून हेच मेलवरही आणि मेसेजवरही पाठवतेय, जिथं आधी दिसेल तिथं वाच.

चष्मा नाही. त्याच्या डाव्या डोळ्याचा आतला पडदा विरलाय. जानेवारीत डॉक्टरांनी सांगितलं, मी समोर होते. खेळायचं नाही म्हणाले होते. कडेनं अंधार आला तर पडदा सुटायला लागला असं समजायचं आणि त्याच दिवशी ऑपरेशन करणाऱ्या दवाखान्यात जायचं, नाहीतर डोळा जातो. दिवे बंद नव्हते, सारंग. तुला त्यानं काल सांगितलं आणि तू हसण्यावारी नेलंस. तुझा दोष नाही, तुला माहीत नव्हतं. मला होतं, आणि मी त्याच्या शपथेला धरून बसले.

त्याला कोर्टावर नेऊ नकोस. तो ऐकणार नाही, भांडेल, बाबांचं नाव काढील. नेऊ नकोस. दवाखान्यात ने.

सत्या

•

फ्रान्स,
१५ फेब्रुवारी

आक्का,

काल फोनवर तुला एवढंच सांगितलं की आम्ही दवाखान्यात आलोय. बाकीचं सांगता आलं नाही, कारण तो शेजारी होता आणि कारण मला तोंड नव्हतं. आता त्याला आत नेलंय. बाहेर बाकावर बसून लिहितोय.

तुझं पत्र मी सामन्याआधी वाचलं.

हे दोनदा वाचायची गरज नाही, पहिल्यांदा कळलं तेच खरं आहे. कपडे बदलायच्या खोलीत होतो. आधीचा सामना लांबला होता, म्हणून फोन बघितला. धम्मा समोर बसून बूट बांधत होता. मी त्याच्याकडं बघितलं. तो म्हणाला, "चल, आज सोडायचं नाही." आणि दारात पंचांचा माणूस बोलवायला आला. मी फोन बॅगेत टाकला आणि त्याच्या मागून कोर्टावर गेलो.

काय विचार केला असं विचारशील तर मला नीट सांगता येणार नाही. त्याला काय आणि कसं बोलू हे कळत नव्हतं, हे खरं. अंतिम फेरी एका सामन्यावर होती, हेही खरं. दोन्हींतलं कुठलं जास्त खरं ते तू ठरव, मी ठरवून बघितलं आणि दरवेळी वेगळं उत्तर आलं.

पहिला सेट आम्ही जिंकलो. आक्का, तो असा खेळला की लोक उभे राहिले. सर्व्हिस परतवताना त्यानं मान पूर्ण डावीकडं वळवलेली असायची, कोंबडीसारखी, उजव्या डोळ्यानं बघायला. त्यानं हे कधी शिकून घेतलं, किती दिवस एकट्यानं सराव केला, मला माहीत नाही. दुसऱ्या सेटच्या सुरुवातीला समोरच्यानं नेटजवळून जोरात बॉल मारला तो त्याच्या डाव्या कानाला घासून गेला. त्यानं डोळा मिटलासुद्धा नाही. त्याला बॉल आला हेच कळलं नव्हतं.

मी पंचांकडं गेलो आणि म्हटलं, माझा खांदा गेला, मला खेळता येणार नाही. सही केली, संपलं. आत आल्यावर धम्मा म्हणाला, "खांद्याला काही झालेलं नाही तुझ्या." मी तुझं पत्र त्याच्या हातात दिलं. ते वाचताना तो फोन उजव्या डोळ्यासमोर धरत होता. मग वर लिहिलेली वेळ बघितली. पत्र कधी आलं होतं ते त्याला दिसलं, आक्का. दवाखान्यात जाताना गाडीत बसला, मी म्हणालो तिथं सह्या केल्या, पण माझ्याशी बोलला नाही.

डॉक्टर म्हणतात, पडदा बराच सुटलाय, मधल्या भागापर्यंत. डोळ्यात वायू भरतील आणि त्याला कित्येक दिवस पालथं झोपावं लागेल, म्हणजे वायू पडद्याला दाबून धरील. तोवर विमानातही बसता येणार नाही. मी विचारलं, काल सामन्याआधीच आणलं असतं तर? डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही. मी पुन्हा विचारलं. तेच म्हणाले.

सारंग

•

परभणी,
१७ फेब्रुवारी

सारंग,

तुझं पत्र वाचून पहिला दिवस मी तुला फक्त शिव्या दिल्या. मोठ्यानं, स्वयंपाकघरात. त्या लिहीत नाही, शिक्षिका आहे. दुसऱ्या दिवशी लक्षात आलं, की तुला शिव्या देऊन झाल्या की माझाच नंबर लागतो, कारण तू एक सेट गप्प बसलास आणि मी महिनाभर. तरी तुझा सेट मला माफ करता येत नाही अजून. येईल तेव्हा कळवीन, तोवर विचारू नकोस.

आईला ऑपरेशन झाल्यावर सांगितलं. ती ओरडली नाही, रडली नाही. कणीक मळत होती, ती मळून पूर्ण केली.

काल दिनकरराव घरी आले. आयुष्यात पहिल्यांदा. बाबा गेले तेव्हाही क्लबाकडून हार पाठवला होता, स्वतः आले नव्हते. दारातच म्हणाले, "सारंगचा खांदा नेमका उपांत्य फेरीत कसा गेला? शेवटी त्याच्यावरच सगळा भार पडला असणार. मी तेव्हाच म्हटलं होतं." तू घरीही खांद्याचंच सांगितलंस, हे मला तेव्हा कळलं.

मी काही बोलायच्या आत आई बाहेर आली. हात पुसत म्हणाली, "सायेब, आधी बसा. तुमच्या लेकराच्या खांद्याला काय झालं न्हाई. माझ्या लेकराचा डोळा चाललाय. तुमच्या लेकरानं खेळ सोडून त्याला दवाखान्यात नेलं. आन् माझं लेकरू डोळा झाकून का खेळायलं व्हतं, ते तुमी मला इचारू नका. तुमालाच म्हाईत हाय."

ते बसले. पाणी पिले. मग म्हणाले, "कुसुमबाई, त्यानं आम्हाला सांगायचं ना." आई म्हणाली, "कुणाला सांगायचं, सायेब? ते दोगं तर एकमेकालाच सांगंनात." जाताना मला विचारलं, मुलगा किती दिवस पालथा राहणार. मी सांगितलं. मान हलवून गेले. त्यांना काय वाटलं ते मला माहीत नाही, आणि खरं सांगू, माहिती करून घ्यायची हौसही नाही.

आई मात्र बरोबर बोलली, सारंग. तू त्याला जपायला गप्प, तो तुला जपायला गप्प, मी शपथ जपायला गप्प. अशा जपण्यानं काय झालं ते तिथं पालथं पडलंय. भांडणारी माणसं असती तर डिसेंबरातच डोळा वाचला असता.

तो बोलला का तुझ्याशी?

सत्याक्का

•

फ्रान्स,
२१ फेब्रुवारी

आक्का,

जयभीम.

पालथा पडून लिहितोय. पलंगाच्या कडेवरून तोंड बाहेर काढलंय, फोन खाली जमिनीवर ठेवलाय आणि एका बोटानं टाइप करतोय. अक्षरं चुकली तर लाल शाईनं खुणा करू नकोस.

काल पट्टी काढून तपासलं. पडदा बसलाय. उजेड कळतो, हात हलवला तर कळतो. बोटं मोजता येत नाहीत. डॉक्टरांनी सांगितलं, थोडं सुधारेल, पण बॉल दिसण्याइतकं नाही. मी विचारायच्या आधीच त्यांनी बॉलचं सांगितलं. सारंगनं त्यांना आधी विचारून ठेवलं असणार. म्हणजे माझा खेळ संपला. हे वाक्य लिहून बघितलं. अजून ते दुसऱ्या कुणाचं असल्यासारखं वाटतंय. आईला हळूहळू सांग.

सारंगशी मी सहा दिवस बोललो नाही. तो वेळेवर थेंब घालायचा, सूप भरवायचा, पाठीला तेल लावायचा, आणि मी भिंतीसारखा पडून. त्याचं तोंड मला दिसत नाही, फक्त बूट दिसतात. काल रात्रीचं सूप झाल्यावर बूट पलंगाशी येऊन थांबले आणि हलेनात. तोंड दिसत नसलं की विचारायला सोपं जातं. मी विचारलं, "जानेवारीतच तुला सांगितलं असतं, तर तू त्या बेल्जियमवाल्याबरोबर गेला असतास?"

मला वाटलं, आता तो म्हणणार, "वेडा आहेस का." चौदाव्या वर्षापासून तो मला असंच म्हणत आलाय. माझी सर्व्हिस जाळीत गेली तरी "चालतंय", मी सोपा बॉल सोडला तरी "माझंच चुकलं". सगळ्या जोड्या कोर्टावर एकमेकांवर ओरडतात, आम्ही कधी ओरडलो नाही. लोक कौतुक करायचे.

"हो," तो म्हणाला. "गेलो असतो. वाईट वाटलं असतं, पण गेलो असतो."

आक्का, मला इतका राग आला की मी उठून बसायला निघालो आणि त्यानं मानेला धरून मला पुन्हा दाबलं. मी ओरडलो, "पत्र वाचून तू सेट खेळलास!" तो ओरडला, "आणि तू महिनाभर माझ्या शेजारी आंधळा उभा होतास, मी नुसता चष्म्याचा नंबर समजत होतो!" मी म्हटलं, बाजू बदलताना खोटं का बोललास. तो म्हणाला, तू लगेच हो का म्हणालास, भांडला का नाहीस. मी त्याच्या बापाचं काढलं. त्यानं माझ्या स्वाभिमानाचं काढलं, आणि त्याला जे नाव दिलं ते तुला सांगण्यासारखं नाही. घरमालकीण बाई जिना चढून धावत आल्या. त्यांना वाटलं, डोळ्याला काही झालं. मी पालथा, तो माझ्या मानेवर हात ठेवून, आणि दोघंही मराठीत बोंबलतोय. बाई दारातून बघून परत गेल्या.

मग तो खाली जमिनीवर बसला. तेव्हा मला त्याचं तोंड दिसलं. रडत होता. मीही रडत होतो, आणि पालथं पडून रडणं लय अवघड असतं, सगळं नाकात जातं. त्यानं रुमाल दिला नाही. आधी दिला असता.

बेल्जियमवाल्यानं त्याला पुढच्या आठवड्यासाठी विचारलंय. सोमवारी सामना, दुसऱ्या गावात. मी म्हटलं, "जा." तो म्हणाला, "तू जा म्हणायची वाट बघत नव्हतो. नाव दिलंय मी."

रविवारी तो निघतोय, माझे थेंब बाई घालतील. मी जा म्हणालो म्हणून नाही, त्याला जायचंय म्हणून जातोय. इतक्या वर्षांत माझ्या शेजारी उभा राहून त्यानं स्वतःच्या मनाची केलेली ही पहिली गोष्ट, आणि ती त्यानं मला तोंडावर सांगितली. बाबा असते तर मी त्यांना हे सांगितलं असतं, की तुमच्या देखत क्लबात जे बोललं गेलं होतं ना, ते काल खरं झालं. आम्ही बरोबरीचे झालो.

धम्मा